सात हात लांब साप

“दोन भाकरी खाल्ल्या व्हत्या त्यानं. मिलोच्या लाल भाकरी, वर हुलग्याचं कालवण. आता पोट फाडून दावू का लेकराचं, म्हंजी तुमचा कागद भरंल?”

बा ओरडत होता. समोर तहसिलीतले गिरदावर साहेब लोखंडी खुर्चीवर बसले होते. खुर्ची त्यांनी जीपमध्ये घालून सोबतच आणली होती, कारण आमच्या वस्तीत यायचं तर आमच्या बाजेवर टेकावं लागेल, ही भीती त्यांना दुष्काळापेक्षा मोठी होती. आत माझा थोरला भाऊ गौतम चादरीखाली निजवलेला, अठरा वर्षांचा, अंगावर एक ओरखडा नाही. आणि बाहेर हा माणूस तिसऱ्यांदा विचारत होता की मयतानं आदल्या रात्री काय खाल्लं, किती खाल्लं आणि खाताना कुणी बघितलं. दुष्काळी कामावर माणूस मेला की सरकारला एकच काळजी असायची. भुकेनं मेला असं कुठं लिहिलं जाऊ नये. बाकी कशानंही मरो. साहेबांनी शेवटी ‘ऊन लागून’ असं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. बानं अंगठा दिला नाही, सही केली. पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट, इतकी लांब की ती कागदाबाहेर जाऊन खुर्चीच्या हातावर उतरली, असं मी आजवर सगळीकडं सांगत आलो. त्या खुर्चीला हात नव्हते. पण सही मोठी होती, एवढं खरं.

आवाज हाच आमच्या घराचा जमीनजुमला. आज्यानं आणि आज्याच्या बापानं गावाची दवंडी दिलेली. बानं धम्म घेतला त्या दिवशी घरातले देव टोपलीत घालून मन्याड नदीच्या पाण्यात सोडले, दवंडीची हलगी माळ्यावर टाकली, पण गळा काही माळ्यावर टाकता येत नाही. बा जेवताना मीठ मागायचा तर कंधारच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. सोजरआत्या, म्हणजे बाची विधवा बहीण, चुलीपुढं बसून शेजारणीशी गप्पा मारायची, आणि ती शेजारीण वेशीपलीकडं राहायची. मी जन्मलो तेव्हाच्या माझ्या पहिल्या रडण्यानं म्हणे फाट्यावर एसटी थांबली आणि कंडक्टर खाली उतरून चौकशी करून गेला. भांडण, लाड, हिशोब, रडणं, सगळं आमच्याकडं एकाच पट्टीत चालायचं, वरच्या.

हळू बोलायची ती फक्त माय. नुसती हळू बोलायची असं नाही, ती वागायचीच हळू. कळशी ठेवताना खाली चुंबळ, तवा उतरताना फडकं, दार लावताना हात मधी. आणि आम्हाला ती कधी हाक मारून उठवत नसे. उशाशी नाही, पायाशी बसायची, अंगठा धरायची आणि पाळण्याची दोरी ओढावी तसा हळू हळू हलवायची. डोळे उघडले की मगच बोलायची. बा तिची लई टिंगल करायचा. म्हणायचा, तुझ्या माहेरात काय नवाबाचे पाय चेपत व्हते का सगळे. माय म्हणायची, आमच्याकडं निजलेल्याला हाक मारत न्हाईत. रीत हाय. का आहे, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दर घरात एखादी अशी रीत असतेच, उंबऱ्यावर बसू नये, रात्री नखं काढू नयेत, तसलीच ही एक, असं आम्ही धरून चाललो.

त्या सालात मन्याडचं नाव तेवढं उरलं होतं, नदी गेली होती. पात्रात पोरं गोट्या खेळायची. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी जनावरानं खावी तशी आम्ही खात होतो. भाकरी थापताना तुटायची, खाताना तुटायची आणि पोटात गेल्यावर मात्र तुटायची नाही. वर तरोट्याची भाजी, तीही बाया दोन कोस चालून आणायच्या. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी विहिरीचं काम निघालं होतं. खाली काळा पाषाण लागला म्हणून सुरुंग लावत होते. सुरुंगाआधी मिस्त्री शिट्टी फुंकायचा आणि सगळे बांधामागं जायचे. गौतम सकाळची पाळी करून दूर, दोन वावरं सोडून, बाभळीच्या सावलीत निजला होता. मी त्याची भाकर घेऊन निघालो होतो, त्याच्यापासून ह्या भिंतीपासून त्या भिंतीएवढा लांब असेन. शिट्टी वाजली. मागोमाग सुरुंग उडाला. दगड तिकडं विहिरीपाशीच पडले, आमच्याकडं धूळसुद्धा आली नाही. पण गौतम ताडकन उठून बसला, कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखा. उभा राहिला. दोन पावलं माझ्याकडं आला, मला वाटलं भाकर घ्यायला येतोय. मग गुडघ्यावर आला आणि मग तोंडावर. मी भाकर त्याच्या हातात द्यायला वाकलो होतो. ह्यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही, आणि ज्यांनी माझ्या बाकीच्या गोष्टी ऐकल्यात त्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावं.

मेला कशानं, हे सांगायला मात्र गावात माणसांचा तोटा नव्हता. सरकार म्हणालं ऊन. मिस्त्री म्हणाला, सुरुंगाचा काही संबंध नाही, पोरगं मुळातच आजारी होतं. वरच्या आळीत भानामतीची कुजबुज निघाली आणि ती सोजरआत्यापाशी येऊन थांबली, कारण विधवा बाई अशा वेळी फार सोयीची पडते. पण सगळ्यांत जोरात जे चाललं होतं ते वेगळंच. देव बुडवले ह्यांनी, माहूरची आई सोडंल का? हे बोलणारे लोक मिलोची तीच भाकर खात होते आणि त्याच कोरड्या नदीकडं बघत होते. त्यांनी तर देव बुडवले नव्हते. मग त्यांची विहीर का आटली, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. आता आहे, आणि विचारावं असा त्यांतला एकही जिवंत नाही. ह्याचा मला अजून राग येतो.

आठव्या दिवशी टँकर आला. माय रांगेत होती, मी तिच्या मागं, माझ्या मागं सहा वर्षांची रतन, माझी बहीण. पुढच्या एका बाईनं मायकडं न बघता, पण मायला ऐकू जाईल असं म्हटलं की ह्यांची घागर आधी भरू नका, ह्यांच्या पायगुणानं टँकर पण आटायचा. बायका हसल्या. मायची मान खाली गेली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तेरा वर्षांचा होतो, आणि हाताशी आवाज होता.

“सापानं खाल्लं माझ्या भावाला,” मी म्हणालो. “म्या सोता बघितला.”

टँकरवाल्यानं नळी बाजूला धरली. मायनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. आता थोबाडीत बसते असं मला वाटलं, कारण मायला खोटं खपत नसे. तिनं बराच वेळ बघितलं आणि मग त्या बायांकडं वळून म्हणाली, “हाव. साप चावला त्याला.” घागर भरली, डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

त्या साप शब्दानं जादूच केली. सापात कुणाचा दोष नसतो. साप म्हणजे भूक नाही, म्हणून सरकार खूश. साप म्हणजे सुरुंग नाही, म्हणून मिस्त्री खूश. साप देवाधर्माचं विचारत नाही, करणीनं येत नाही, आईबापाच्या रक्तातून उतरत नाही. तो बिळातून येतो आणि बिळात जातो. तिसऱ्या प्रहरापर्यंत जी माणसं आमच्या अंगणाकडं तोंड फिरवून चालत होती, ती येऊन बसली. कुणी गूळ आणला. पाटलाचा गडी तर म्हणाला, मला ते बीळ मालूम हाय. दुसऱ्या दिवशी धूर करून त्यांनी एक गरीब बिचारी धामण बाहेर काढली, ठेचली आणि ओळख पटवायला माझ्यापुढं आणून टाकली. मी तिच्याभोवती फौजदारासारखा दोन चकरा मारून म्हणालो, हा न्हाई, तो लई मोठा व्हता. किती मोठा? मी हात पसरले. त्या दिवशी तो चार हातांचा होता. पोळ्यापर्यंत पाच झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर केस आले. शेवटी शेवटी तो सात हात लांब होता, शिट्टी वाजली की फणा काढायचा आणि गौतमनं मरता मरता त्याला शेपटीला धरून आपटला होता. गौतमला मी शूर केलं. नुसतं उठून, दोन पावलं चालून, माझ्या पायाशी मरणाऱ्या भावाचं मी दुसरं काय करणार होतो? बा चार महिने सापाबद्दल बोलला नाही. पुढं एकदा मोंढ्याच्या बाजारात कुणीतरी विचारलं तर तोही म्हणाला, साप. आणि एकदा बानं म्हटलं म्हणजे ती दवंडीच.

आज नांदेडला माझ्या मुलाच्या घरात बसून मी हे लिहितो आहे. ह्या घरात दाराला घंटी नाही. कुकरची शिट्टी काढून ठेवलेली, डाळ पातेल्यात शिजते. फोन सगळे मुके, नुसते थरथरतात. माझी नात दिवसाला दोन गोळ्या घेते आणि तिला सकाळी अंगठा धरून उठवायचं काम माझ्याकडं आहे. तिच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला रेघा समजावून दिल्या. हा ठोका पडला, इथून इथपर्यंत हृदयानं सावरायचं असतं. हिचं सावरायला वेळ लावतं. तेवढ्यात दचकवणारा आवाज झाला, विशेषतः झोपेत, तर ठोके घोटाळतात. कधी माणूस नुसता पडतो आणि उठतो, कधी उठत नाही. घराण्यातून येतं, म्हणाल्या. माझीही पट्टी काढली. माझ्यातही आहे. मी म्हणालो, बाई, माझा जन्म दुसऱ्याला दचकवण्यात गेला, मला दचकायला सवडच झाली नाही. त्या हसल्या. मीही हसलो. घरी येऊन मी न्हाणीत कडी लावून भिंतीवर बुक्क्या मारल्या.

तर, रतन. दुष्काळ सरला, वर्षं गेली, बाच्या मिशा पांढऱ्या झाल्या आणि रतन सतरा वर्षांची झाली. आमच्यात दिसायला देखणी ती एकटीच आणि मायसारखी हळू बोलणारीही ती एकटीच. ती आठवीत असताना शाळेत पहिल्यांदा पडली. वर्गाबाहेरच घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता, शिपायानं तो ठणकन वाजवला आणि रतन बाकावरून खाली. मास्तरांनी मिरगी म्हणून चप्पल हुंगवली. रतन उठली. पुढं सोजरआत्याच्या हातून परात पडली तेव्हा पडली, कांदा फोडून नाकाला लावला, उठली. ती आपली आपणच उठायची. नाव व्हायचं चपलेचं. तीन वर्षांत त्या पोरीनं जेवढी चामडी हुंगली तेवढी मोच्यानं हुंगली नसेल. आणि प्रत्येक वेळी आम्ही काय केलं, तर दार लावलं. पोरगी पडते हे बाहेर कळलं तर तिला उजवणार कोण? दार लावायचं काम बाचं आणि बाहेर काय सांगायचं ते ठरवायचं काम माझं. परीक्षेची जागरणं, उपाशीपोटी चहा, पाय मुरगळला. मी तेव्हा तालुक्याला एका दुकानात कामाला होतो, गिऱ्हाईकाला दोन हाताचं धोतर चार हाताचं करून विकायचो, मला काय अवघड?

त्याच सुमारास लातूरचा वेगळा जिल्हा झाला. जिथं तिथं पाट्या रंगवणं चाललेलं. ज्यांना काल कुणी विचारत नव्हतं ते आज जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला होते. रतनला धर्माबादकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर शिकलेलं, मागणं एकच, मुलगी मॅट्रिक पास पाहिजे. मुलाचा मामा नव्या कलेक्टर कचेरीत बाबू होता. नवा जिल्हा आपणच बाळंतपण करून जन्माला घातला, असं तो चालायचा. आम्ही त्याला पाठीमागं साहेबमामा म्हणायचो. परीक्षेला दोन महिने राहिले असताना रतन एकाच आठवड्यात दोनदा पडली. बा पहिल्यांदाच घाबरला. म्हणाला, अशोक, हिला अन मायला घेऊन लातूरला जा, मोठ्या डॉक्टरला दाखव, अन कुणाला सांगू नको.

कुणाला सांगायचं नव्हतं, आणि लातूरच्या स्टँडावर एसटीतून पाय खाली ठेवला तर समोर साहेबमामा. ह्या प्रसंगात मी काही वाढवत नाही, पण वाढवलं असतं तरी मला एवढं वाईट सुचलं नसतं. कुठं निघालात? मी म्हणालो, पोरीला जरा अशक्तपणा, टॉनिक लिहून घ्यावं म्हणून आलो. तर म्हणे, नव्या जिल्ह्यात तुम्हाला काय मालूम, चला, मी नेतो, डॉक्टर आपल्या ओळखीचे. नको म्हणालो तर हाताला धरून नेलं. डॉक्टर त्याच्या ओळखीचे बिलकुल नव्हते. पण आमच्याबरोबर तो आत आला आणि रतनच्या खुर्चीमागं हाताची घडी घालून उभा राहिला.

डॉक्टर जाड भिंगाचे, सावकाश बोलणारे होते. वाईट माणूस नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्याला फार शिव्या दिल्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, छाती तपासली. पडते का, विचारलं. मी म्हणालो, चक्कर येते कधीमधी, पोरीची जात, खात नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं नीट बघितलं. कोपऱ्यात एका टेबलावर मशीन होतं, त्यावर विणलेला रुमाल टाकलेला. त्याकडं बोट करून ते म्हणाले, “घरात कुणी तरणंताठं असं अचानक गेलंय का? भाऊ, बहीण, मामा? तसं असेल तर हिची हृदयाची पट्टी काढून बघू. पाच मिनिटांचं काम आहे.”

साहेबमामानं हाताची घडी सोडली. रतन खाली बघत होती. माय माझ्या शेजारी बसली होती, तिच्या हातातली पिशवी एकदा वाजली. मला आठवतंय की मी मायकडं बघितलं नाही. मी मामाकडं बघितलं.

“भाऊ गेला ना साहेब आमचा,” मी म्हणालो. “साप चावून.”

आणि मी सांगितला. सबंध सांगितला, बाभळ, शिट्टी, सुरुंग, सुरुंगाच्या हादऱ्यानं बिळातून निघालेला सात हात लांब साप, गौतमनं धरलेली शेपटी. दहा वर्षं घासून पुसून लख्ख केलेली गोष्ट होती ती. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. कंपाउंडर पुड्या बांधायचा थांबला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, सात हात? मी म्हणालो, मोजायला तो थांबला न्हाई साहेब. सगळा दवाखाना हसला. मामा सगळ्यांत मोठ्यानं हसला, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला कळलं की लग्न जमलं. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मशीनवरचा रुमाल जागचा हलला नाही. रक्तवाढीचं लाल औषध दिलं, पालेभाजी खा म्हणाले.

मी इतका खूश होतो की गंजगोलाईच्या बाजारात जाऊन रतनला गजराचं घड्याळ घेतलं. लाल रंगाचं, डोक्यावर दोन वाट्या आणि मधी हातोडी. मॅट्रिकची परीक्षा, पहाटे उठून अभ्यास करायला. एसटीत तिनं ते मांडीवर घेऊन सारखी किल्ली फिरवली. घरी मायनं घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, वाट्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, मी उठवत जाईन की तिला. रतन म्हणाली, माय, तू अंगठा हलवतीस अन मला अजून झोप येती. सगळे हसलो. तरी पहिल्या रात्री मायनं घड्याळाला फडकं गुंडाळलं. गजर ऐकूच आला नाही. आठ दिवस असंच चाललं. माय गुंडाळायची, सकाळी आधी उठून अंगठा धरायची. नवव्या दिवशी रतननं चिडून फडकं काढून टाकलं आणि घड्याळ उशाशी घेऊन निजली.

पहाटे गजर झाला. मी बाहेरच्या खोलीत होतो. वाजतच राहिला. मी पडल्या पडल्या ओरडलो, बंद कर गं ते. वाजतच राहिला. मी पुन्हा ओरडलो, चांगली शिवी देऊन ओरडलो. किल्ली संपेपर्यंत ते घड्याळ वाजलं आणि मग आपोआप थांबलं, आणि मग मायचा आवाज आला. जन्मात पहिल्यांदा तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला. आमच्या सगळ्या घराण्याचा मिळून झाला नसता, एवढा.

सकाळी गाव जमला. आणि ह्या गावाचं काय करावं मला अजून सुचत नाही. दोघांनी-तिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, फिरून सापच का? मी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. बीळ शोधून धूर केला असता. सोजरआत्या ज्वारीच्या कणगीत हात घालून बसली होती. त्यात तिनं बुडवायला दिलेल्या देवांमधला रेणुकेचा टाक इतकी वर्षं लपवलेला, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं, आणि बा तिला एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी साहेबमामा आला. बाजेवर बसला, चहा घेतला, उसासा टाकला आणि बाला म्हणाला, वाईट झालं, पण एका परीनं बरंच झालं म्हणायचं, लग्नाच्या आधी झालं. बा उठून आत गेला. मला वाटलं आता कबुतरं उडतील. काही झालं नाही. बानं आतून दार लावून घेतलं, हळू, हात मधी घालून.

त्या रात्री माय अंधारात बोलली. तिचा थोरला भाऊ दिगू, वीस वर्षांचा, दुपारी निजला असताना दारात कुत्री भांडली, दचकून उठला आणि गेला. त्याच्या आधी तिची एक मावशी, लग्नाच्या मांडवात. त्यानंतरच तिच्या माहेरात निजलेल्याला हाक मारायची बंद झाली. लग्न ठरताना तिच्या बापानं शपथ घातली होती, की हे सासरी बोलायचं नाही. सबंध एक घराणं अंगठे हलवून आपली लेकरं वाचवत होतं आणि का ते सांगायला भीत होतं. मला तिचा इतका राग आला की मी उठून अंगणात गेलो.

उजाडताच पहिली एसटी धरून मी लातूर गाठलं. दवाखान्यात शिरलो आणि पेशंटांसमोर डॉक्टरला नको नको ते बोललो. मशीन काय रुमाल वाळवायला ठेवलंय का, पाच मिनिटं जड झाली का, पोरगी मारली आमची. कंपाउंडर मला धरायला आला, डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं. माझा आवाज बसेपर्यंत ते ऐकत राहिले. मग फळीवरून वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवून ती माझ्याकडं फिरवली. त्यांच्या बारीक अक्षरात रतनचं नाव होतं, वय होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘भाऊ मयत. सर्पदंश.’ त्यापुढं त्यांनी स्वतःशीच गंमत म्हणून कंसात लिहिलेलं होतं, ‘सात हात!’

घरी परत आलो तेव्हा माय ओसरीवर मिलोसारखीच लालसर ज्वारी सुपात घेऊन खडे वेचत होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि आता घरात तीच उरली होती. मी म्हणालो, दिगूमामाचं तुला माहीत होतं. डॉक्टरनं मामा म्हणून विचारलं होतं, तुझ्या तोंडावर विचारलं होतं. तू शेजारी बसून होतीस. एक शब्द का बोलली नाहीस?

मायनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“तू लई चांगलं सांगून राहिला व्हतास,” ती म्हणाली.